तानूआज्जीचं गाणं आणि माझं जावळ

खोडदमध्ये अशी बोलवा आहे की, मेंढरं राखणारी तानूआज्जी इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांना गाणी ऐकवते आणि तबकड्या ती आभाळात पाठवतात.

साफ चूक. तबकड्या नुसत्या ऐकतात, पाठवत काही नाहीत. आणि आज्जी गाते ती मेंढरांसाठी. मी विचारलंच तिला. म्हणाली, "ऐकत्यात तर ऐकू दे. म्या कशाला नगं म्हनू?"

मी अमृत, दहावी ब. गावातल्या कुणाचाही आवाज काढतो, सरपंचांचा तर खोकल्यासकट.

यंदा गॅदरिंगला अंजना मॅडमनी 'गाव कसं वसलं' हे संगीत नाटक घेतलं. गाणं तानूआज्जीचं. त्यात तिची माणसं दुष्काळात मेंढरं घेऊन निघतात, घाट चढतात, नदी उतरतात. चढाला चाल संथ, उताराला पळती. इतिहासाच्या पुस्तकात मला कधी धाप लागली नव्हती, इथं लागली.

"आज्जी, एवढं पाठ कसं राहतं?"

"पाठ कुटं? पाय जात्यात, त्येंच्या मागनं गानं जातं."

नाटकात मी पाटील. फेटा बांधून पहिल्यापासून स्टेजवर उभा, येणाऱ्यांना दरडावायचं, "कोण रे तुम्ही? कुठून आलात?" तालमीत आज्जीनं तिथंच गाणं थांबवलं.

"पाटील बी येऊ दे की चालत. समदीच आल्याली हाईत."

"आम्ही नाही हां! आमचं घराणं मूळचं इथलंच," मी म्हणालो.

"मंग लाव पैज. म्या हरले तर माजं गानं काढून टाका. आमी आलो काय, न्हाई काय."

शेवटचं वाक्य ती जरा खालच्या सुरात बोलली. माझ्या कानाला असलं लगेच कळतं. तरी मी फुशारकीनं म्हणालो, "मी हरलो तर मेंढरू होऊन येतो!"

"बरं. तुजं जावाळ कुटं काढलं?"

लहानपणीचे पहिले केस! सोप्पंय की. "माणदेशात, आमच्या भैरवनाथाच्या देवळात. गाडीनं पाच तास! आजोबांचंही तिथंच काढलं. त्यांना तर बैलगाडीनं नेलं होतं, आठवडाभर..."

"इतक्या लांब? खोडदला न्हावी नव्हता का रं लेका?"

अख्खी तालीम हसली. मॅडमसुद्धा.

घरी आजोबांना विचारलं. ते अगदी सहज म्हणाले, "आपली मानसं दुष्काळात तितनं निघाली, देव तितंच ऱ्हायला." मग मला कधी सांगितलं का नाही? तर म्हणे, "तू कदी इचारलंस?"

गॅदरिंगला फेटा वर्गातल्या मोहितच्या डोक्यावर गेला. त्यालाही आता चालतच यायचं होतं. मी अंगावर घोंगडी घेऊन, चार पायांवर, सगळ्यांच्या मागून निघालो. गाणं घाटाला लागलं आणि मी माझं सगळ्यात भारी बेंऽबें काढलं.

पडद्याआडून आज्जी म्हणाली, "चढाला मेंढरू वरडत न्हाई. गप चाल."