गादीवाल्याच्या वतीने

लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा की घरात तिचं नाव बडबडी पडलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता तिशी उलटली, तरी दादा-वहिनी तिला बडबडीच म्हणतात. बोलते ती अजूनही दिवसभर, पण त्यातला एक शब्दही तिचा नसतो. सकाळी ती गाद्यांचं दुकान असते, दुपारी दातांचा दवाखाना, संध्याकाळी जिम. तिघांची सोशल मीडियावरची पानं ती घरी बसून सांभाळते. फोटो काढा, व्हिडिओ जोडा, मजकूर लिहा, आणि खाली लोक जे काही खरडतील त्याला गोड गोड उत्तरं द्या. प्रत्येक उत्तरात 'आम्ही'. आम्ही आपले आभारी आहोत, आम्हाला अतिशय खेद वाटतो. आम्ही म्हणजे कोण, तर डोंबल. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पाठीला उशी लावून बसलेली एकटी बाई.

घरी बसून काम म्हटलं की लोकांना त्यातलं 'बसून' तेवढं ऐकू येतं. दादा गोदामात खोकी उचलून यायचा आणि म्हणायचा, "तुझं बरं आहे, फोनच तर बघायचा." मनात वाईट नसायचं त्याच्या, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आपणच आपले मालक होऊ म्हणून हिने चांगली नोकरी सोडली, आणि एका साहेबाच्या जागी तीन साहेब मानेवर बसवून घेतले. त्यातला गादीवाला तर वेताळच. तो लिहीत नाही, बोलून पाठवतो. ही जेवत असो, अंघोळीला गेलेली असो, त्याचा आवाज हजर. "मॅडम, छान झालंय, पण मजा येत नाहीये." कशी येणार? कापसाबरोबर मजाही भरून शिवायची का गादीत?

एकदा वहिनीने विचारलं, "काय गं, भाजीत मीठ बरोबर आहे का?" बडबडी मान वर न करता म्हणाली, "आपल्या प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार." सगळे पोट धरून हसले. तीही हसली, आणि मग तिने खोलीचं दार लावून घेतलं. तिने चेष्टा केलीच नव्हती. ते आपोआप तोंडातून आलं होतं.

वहिनीच्या भावाचा छापखाना आहे. छापण्याआधी मजकूर तपासायला त्याला माणूस हवा होता, आणि बडबडीने हो म्हणावं म्हणून वहिनी मागे लागली होती. बडबडी रोज म्हणायची, उद्या सांगते. हे काम सोडावं तर इतकी वर्षं पाण्यात, आणि न सोडावं तर आपण पाण्यात. शिवाय तिन्ही गिऱ्हाइकांत गादीवालाच मोठा. तो गेला तर उरलेल्या दोघांवर चहासुद्धा भागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशातच आईच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दादाला सुट्टी मिळेना, म्हणून हीच बरोबर गेली. आईला आत नेलं आणि ही बाहेरच्या बाकावर बसली, तोच गादीवाल्याचा आवाज आला. कुणीतरी गादीचा फोटो टाकून लिहिलं होतं, घेऊन वर्ष झालं नाही आणि मधोमध खड्डा. गादीवाला म्हणाला, "मॅडम, लगेच उत्तर टाका. लिहा की वजनाप्रमाणे गादी निवडायची असते." म्हणजे माणूस जाडा, गादी निर्दोष. ही लिहू लागली, ते गिऱ्हाईक आणखी चिडलं, हिने पुन्हा गोड लिहिलं. नर्सने दारातून हाक मारली. ही म्हणाली, "एकच मिनिट." नर्सने पुन्हा हाक मारली. ती हिला ऐकूच आली नाही.

मान वर केली तेव्हा आई समोर उभी होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने मुळातच कमी दिसतं, आणि हात एका परक्या माणसाच्या हातात. तो बिचारा दुसऱ्याच कुणाला तरी भेटायला आलेला. आई भिंत चाचपडताना दिसली म्हणून धावला होता. बडबडी उठून काही बोलणार, तर आईच म्हणाली, "असू दे गं. कामात होतीस ना?"

त्या 'असू दे'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आईला झोपवून तिने फोन उघडला. ठिकठिकाणचे असेच एकेकटे काम करणारे लोक एका गटात भेटतात आणि आपापली गिऱ्हाइकं शिव्यांनी धुऊन काढतात. तिथे तिने लिहिलं, 'आज आई ऑपरेशन करून आंधळ्यासारखी बाहेर आली, तेव्हा मी एका गादीची बाजू घेऊन भांडत होते. त्या गादीत खड्डा आहे, मला माहीत आहे. लोकांना शांत झोप विकते, आणि मी स्वतः कधी शेवटची झोपले ते आठवत नाही.' लिहिलं आणि पाठवून दिलं. या धंद्यात एकाच फोनवर चार दुकानं उघडी असतात, आणि आपण कोणाच्या तोंडून बोलतोय ते वरच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा गोल चित्रावरून ओळखायचं. बडबडी ते चित्र बघितल्याशिवाय कधी बोट टेकवत नसे. त्या दिवशी बघितलं नाही, आणि उघडं होतं ते गट नव्हे, गादीवाल्याचं पान. गाद्यांच्या दुकानानेच स्वतःच्या पानावर जाहीर केलं, की आमच्या गादीत खड्डा आहे.

दुसऱ्या दिवशी दादा सकाळी कामावर जाण्याआधी आईला तपासणीला घेऊन गेला. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, दिवसातून चार वेळा डोळ्यात टाकायचे थेंब आले. दुपारचे थेंब टाकायला बडबडी बाटली घेऊन आईजवळ बसली, तोच गादीवाल्याचा फोन. तोवर तिला आपली चूक कळलेली होती, तरी तिने ते पुसलं नव्हतं. हाकलणार, हे धरूनच तिने फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच वाटत होतं.

"मॅडम, कमाल केलीत," गादीवाला म्हणाला. "अहो, लोक एकमेकांना पाठवून पाठवून वाचतायत. दुकानात सकाळपासून गर्दी आहे. दर आठवड्याला एक असं टाकत चला. थोडा राग, थोडे अश्रू."

बडबडीने थेंबांच्या बाटलीचं झाकण परत लावलं.

"आणि आईंचा एक फोटो लागेल. पट्टीवाला, आमच्या गादीवर. वर लिहू, आईला द्या हक्काची विश्रांती."

"पट्टी काढली," ती कशीबशी म्हणाली.

"मग परत लावता येईल ना, पाच मिनिटं?"

आणि बडबडी काय म्हणाली? "बघते, सांगते." हो, असंच म्हणाली. इतकी वर्षं गोड बोलून बोलून जीभ अशी वळते, की थोबाडीत मारणाऱ्यालाही ती आधी धन्यवाद म्हणते.

फोन बंद झाला. आई उठून बसली. काळा चष्मा काढून उशाशी ठेवला, दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि म्हणाली, "कपाटात कापूस आहे बघ. लाव पट्टी आणि काढ फोटो. तुझं काम जायला नको."

फोटोसाठी आई ताठ बसली होती, नुकत्याच कापलेल्या डोळ्याने उजेडाकडे बघत, पाण्याची धार लागली तरी डोळा न मिटता. बडबडीने आधी चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि मग गादीवाल्याला फोन लावला.

"आईचा फोटो मिळणार नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला होता, स्वयंपाकघरातून वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. "काल लिहिलं ते तुमचं नाही, माझं आहे. ते मी आत्ता काढून टाकतेय. तुमच्या गादीत खड्डा आहे, आणि त्या माणसाचे पैसे परत करा. पासवर्ड पाठवते. यापुढे तुमच्या वतीने तुम्हीच बोला."

तिने मजकूर पुसला, पासवर्ड पाठवला, फोन पालथा घातला. उद्या काय, हे तिला माहीत नव्हतं, आणि वहिनीनेही छापखान्याचं नाव काढलं नाही.

"झालं बोलून?" आईने विचारलं.

"झालं."

"मग थेंब टाक. दुपारचे राहिलेत."