रेडिएटरची हवा आणि अण्णांचा अंगठा

आमच्या घरातल्या रेडिएटरबद्दल मला सगळं माहीत होतं, कारण त्यावर मी दोन व्हिडिओ पाहिले होते.

घर त्सुकुबातलं, पन्नासेक वर्षांचं, भाड्याचं. जपानी मालकीणबाई मोरी-सान ऐंशीच्या पुढच्या, शेजारीच राहतात. त्यांचे यजमान आता नाहीत. ते तरुणपणी युरोपात शिकायला होते आणि येताना गरम पाण्याच्या रेडिएटरचं वेड घेऊन आले. त्यामुळे अख्ख्या गल्लीत आमच्याच घरामागे रॉकेलवर चालणारा बॉयलर आहे आणि खोलीखोलीत भिंतीला टेकलेली लोखंडी धुडं. थंडीत ती गुरगुरतात, ठोके देतात आणि मनात आलं तर तापतात.

त्या हिवाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी इकडे आणलं होतं. आई जाऊन चार महिने झाले होते. अण्णा कराडकडच्या एका साखर कारखान्यात पस्तीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. इथे दिवसभर खोलीत बसून असायचे. काही हवंय का विचारलं की "चाललंय" म्हणायचे. एका सकाळी चहा घेऊन गेलो तर स्वेटर, कोट, मफलर, कानटोपी असा सगळा संसार अंगावर घालून पलंगावर बसलेले. रेडिएटरला हात लावून पाहिला. खाली कोमट, वर गारढोण. नऊ दिवस ते त्या खोलीत झोपत होते.

मला सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते ओशाळले.

"मी तुझ्या आईला सांगायचो," ते म्हणाले. "ती तुला सांगायची."

मी जाऊन हत्यारांची पेटी आणली. (दुःख आवरायची आमच्या घराण्यातल्या पुरुषांची हीच रीत. फरक एवढाच, की अण्णांना हत्यारं वापरता येतात.)

रेडिएटरच्या वरच्या भागात हवा अडकली होती. बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो छोट्या चावीने किंचित सैल केला की हवा निघून जाते. मोरी-सानना सांगितल्यावर त्या यजमानांची पितळी चावी घेऊन आल्या आणि कौतुकाने बघत माझ्या मागेच उभ्या राहिल्या. पलंगावरून अण्णा हळू आवाजात म्हणाले, आधी बॉयलर बंद कर.

"अण्णा, हा तुमच्या कारखान्यातला बॉयलर नाही," मी म्हणालो.

त्यांनी पाय वर घेतले.

चावी पाव वळसा फिरवायची असते. मी पाव फिरवली, फुस्स झालं. एवढ्याशा यशाने माझं समाधान होईना. अर्धा वळसा, एक, दोन. मग स्क्रू सुटून पलंगाखाली गेला आणि त्याच्या जागेवरून काळ्या, गरम पाण्याची धार निघाली ती मोरी-सानच्या पांढऱ्या स्वेटरला चाटून थेट समोरच्या भिंतीवर. मोरी-सान किंचाळल्या नाहीत. त्यांनी चेहऱ्यावरचे काळे थेंब पुसले आणि मध्ये उभं राहिल्याबद्दल माझीच माफी मागितली. मी भोकावर तळहात ठेवला, बोंबललो, काढला आणि मोजे घातलेल्या पायांनी बॉयलर बंद करायला मागच्या अंगणात पळालो. तिथे दोन खटके आहेत. मी एक बंद केला आणि विजयी मुद्रेने परत आलो.

अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी अंगठा त्या भोकावर घट्ट दाबून धरला होता. धार थांबली होती.

"बॉयलर अजून घुमतोय. न्हाणीघराचा खटका बंद केलास," ते शांतपणे म्हणाले. "दुसरा कर."

दुसरा बंद केला, पलंगाखालून स्क्रू शोधला, अण्णांनी तो एका हाताने बसवला. मग अंगठा दिसला. लालबुंद, त्यावर टरारून आलेला फोड. मी त्यांचा हात नळाखाली धरला. मोरी-सान मलम आणायला घरी गेल्या होत्या.

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणालो.

"हं."

आईच्या वेळीही त्यांनी सांगितलं होतं. फोनवर म्हणाले होते, तू आता ये. मी इथून तिचे रिपोर्ट वाचून त्यांना समजावलं होतं, की इतकी घाई नाही. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ते त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. आताही नाही. नळाखालच्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, आता खोली तापेल ना? मी नुसती मान हलवली. माझा चेहरा ओला होता. (पाणी सगळीकडेच उडालं होतं.)

पुढच्या आठवड्यात अंगठ्याला पट्टी बांधून अण्णांनी मोरी-सानबरोबर घरातले पाचही रेडिएटर तपासले. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. तरी तास-तास बोलायचे. माझी बायको म्हणाली, अण्णा आज आपणहून दुसरी पोळी मागून जेवले.

मार्चमध्ये ते परत गेले. पुढच्या दिवाळीआधी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. या वेळी मी रिपोर्ट मागवले नाहीत, मिळेल त्या विमानाने गेलो. त्यांच्याजवळ दोन दिवस मिळाले.

इथे परतल्यावर मोरी-सानना सांगितलं. त्या आमच्या दारातल्या पायरीवर बसल्या. मग उठल्या, चावी घेऊन आल्या, मागे जाऊन बरोबर खटका बंद केला आणि अण्णांच्या खोलीतल्या रेडिएटरपुढे गुडघे टेकले. मी मदतीला वाकलो तशा त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "थांब."

अण्णांनी त्यांना आमच्या भाषेतला एकच शब्द शिकवला होता आणि तो माझ्यासाठी होता.

मग माझ्या हातात त्यांनी बादली दिली. दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत तीही काढून घेतली.