ऑक्टोबरातली गारीगार

रानातून घरी आलं की धोतराला कुसळं लागलेली असतात. कधी लागली, कुठल्या बांधावर लागली, काही कळत नाही. उपटायला बसलं की एकेक निघतं आणि निघताना टोचतं. किस्स्यांचं तसंच आहे. मुद्दाम गोळा करायला कोणी जात नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळं ओळीनं, शिस्तीनं सांगणं मला जमायचं नाही. हाताला येईल तसं उपटतो. ज्याला टोचेल त्यानं दुसरीकडं बघावं.

आम्ही तिघं खर्ड्याचे गारीगारवाले. मी रंगनाथ, दुसरा भिका, तिसरा यशवंता. सायकलच्या मागं लाकडी पेटी, पेटीत गोणपाट, गोणपाटात गारीगार, म्हणजे काडीवरची बर्फाची कांडी. सकाळी जामखेडच्या बर्फाच्या कारखान्यातून माल उचलायचा आणि आपापल्या वाटेनं वस्त्यांवर सुटायचं. मुरमाचे रस्ते, डोक्यावर ऊन, पण पेटीचं झाकण उघडलं की तोंडावर असा गार वास यायचा की तो आता कुठल्या एसीत मिळत नाही. माझ्या पेटीत आता सून कोंबड्या झाकते.

गेल्या पावसाळ्यात भिकाच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर. लिहिला शब्द, झालं. नगरला नेऊन किरणांचे शेक दिले. गाठ जळाली, पण तिच्यासंगं सगळं तोंड सोलून निघालं. पाण्याचा घोट उतरेना. डॉक्टरनं सांगितलं, दिवाळीच्या आधी तपासणीला या, तोवर वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

भिका बसक्या आवाजात म्हणाला, "नळी घालून मी जगायचा न्हाई. आधीच सांगून ठिवतो."

यशवंताची पोरगी सविता नर्स आहे. बाळंतपणाला माहेरी आलेली. ती म्हणाली, "काका, त्यांना गार काहीतरी चोखायला द्या. गारानं घसा बधिर होतो, मग उतरतं. बर्फाची कांडी चालेल, पण फळाची, दुधाची. अंगी लागेल अशी."

यशवंतानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आमचा माल जन्मात पहिल्यांदा औषध म्हणून लागत होता, आणि महिना होता ऑक्टोबर.

*

भिका कसा माणूस आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

त्या काळी पोरांकडं पैसे नसायचे. वाटीभर ज्वारी, चिंचोके, मोडकं डबडं, काहीही आणायची आणि आम्ही गारीगार द्यायचो. एकदा एका वस्तीवर एक पोरगं कातड्याची चप्पल घेऊन आलं. एकाच पायाची. भिकानं उलटीपालटी करून बघितली. टायरचा जाड तळ होता. दिली गारीगार. पुढच्या लिंबापर्यंत जातोय तोच मागनं एक गडी लंगडी घालत पळत आला. एका पायात चप्पल, दुसरा पाय उन्हानं भाजतोय म्हणून वर.

"माझी चप्पल टाक."

"टाकतो. माझी गारीगार टाक."

"ती पोरानं खाल्ली की."

भिकानं जरा विचार केला. "मंग काडी तरी दे."

तो गडी लंगडी घालत परत गेला आणि काडी घेऊन आला.

*

दुसरं. यशवंता बौद्धवाड्यातला. एका वस्तीवरची म्हातारी त्याच्याकडनं गारीगार घ्यायची नाही. नातवंडांनाही घेऊ द्यायची नाही. तोंडावर काही बोलायची नाही, "आज नको, खोकला हाय" म्हणायची. मग मागनं भिका आला की खोकला बरा व्हायचा.

हे भिकाला कळलं. त्यानं काय करावं? एका सकाळी कारखान्याच्या दारातच स्वतःचा सगळा माल यशवंताच्या पेटीत आणि यशवंताचा आपल्या पेटीत. यशवंता म्हणतोय, "अरं, माल एकच हाय, कशाला उपद्व्याप?" पण भिकाला सांगून उपयोग नसतो. वस्तीवर गेला, म्हातारीला कांडी दिली, ती पार काडीपर्यंत संपवू दिली आणि मग म्हणाला, "आजे, ही यशवंताच्या पेटीतली हुती."

म्हातारी काडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय? गार तर तेवढीच लागली."

पुढच्या खेपेपासून तिचा खोकला गेला. हा किस्सा यशवंता स्वतः कधी सांगत नाही. कोणी सांगायला लागलं की उठून पाणी प्यायला जातो.

*

तर ऑक्टोबर. ऊन मरणाचं, पण गारीगारवाला एक दिसेल तर शपथ. मी जामखेडला गेलो. आइस्क्रीमच्या काचेच्या दुकानात शिरलो. पोरगा म्हणाला, "बाबा, कांडीचा सीझन संपला. कोन आहे, फॅमिली पॅक आहे."

"फॅमिली न्हाई, एकच माणूस हाय."

"मग कोन न्या."

नेला. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसलो. खर्ड्याचा किल्ला दिसेस्तोवर कोनचं पाणी झालेलं, पिशवी गळलेली आणि माझं धोतर पुढून ओलं. कंडक्टर जवळ आला, खाली वाकून हळूच म्हणाला, "बाबा, असू द्या. वयानं व्हतं. तुमी सावकाश उतरा."

त्या दिवशी ठरलं, घरीच करायची.

यशवंता म्हणाला, "आपन जन्मभर विकली, आपल्याला करता येत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "पोस्टमननं जन्मभर पत्रं वाटली. त्याला लिव्हता येत्यात का?"

*

खरं सांगायचं तर आमच्या कांडीत फळ कधी नव्हतंच. साखर, पाणी आणि रंग. केशरी म्हणजे संत्रं, पिवळी म्हणजे आंबा, पोरंही खूश, आम्हीही खूश. आता पहिल्यांदा खरं फळ घालायचं होतं. डोंगरात सीताफळं डोळे उघडून बसलेली. पाटीभर आणली, बिया काढता काढता दुपार गेली. मग मी म्हणालो, कच्चा गर नको, आजारी माणूस आहे, दुधात घालून चांगला उकळू. सून चुलीपाशी होती. म्हणाली, "मामा, सीताफळ उकळू नका."

मी म्हणालो, "तू गप. माझी हयात गेलीय ह्या धंद्यात."

उकळला. गोठवला. सविताला संगं घेऊन भिकाकडं नेला. त्यानं कांडी तोंडात धरली, डोळे मिटले आणि असं तोंड केलं की जणू कारल्याचा वेल चावला. मी उरलेलं चाटून बघितलं. कडूजहर.

भिका म्हणाला, "सविते, ह्यांनी औषध बदललं का?"

सविता मात्र खूश. "काका, कडू लागलं? इतके दिवस सगळं मातीसारखं लागत होतं ना? म्हणजे चव येतीये."

मी घरी येऊन सुनेला सांगितलं, सीताफळ उकळलं की चव येते. त्या संध्याकाळी माझ्या आमटीत मीठ नव्हतं.

*

फ्रिज यशवंताचा. तिथं निराळीच गंमत. स्टीलच्या पेल्यात दूध, पेरू, साखर घालून सकाळी ठेवलं. दुपारी बघतो तर पातळ. संध्याकाळी बघतो तर पातळ. दुसऱ्या दिवशी तेच. यशवंता म्हणाला, कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिक आणला. त्यानं सगळा फ्रिज तपासला आणि विचारलं, "हा उघडतं कोण सारखा?"

सविता म्हणाली, "आमचे दादा. दर थोड्या वेळानं. झाली का बघायला."

यशवंता म्हणाला, "मी न्हाई उघडत. रंगा उघडतो."

मी म्हणालो, "मी तू उघडलास का ते बघायला उघडतो."

आम्हाला गोठताना बघायची सवयच नव्हती. कारखान्यात गेलो की माल तयार. सवितानं शेवटी फ्रिजच्या दाराला परकराची नाडी बांधली. सकाळी कांडी दगडासारखी.

*

काड्यांचं राहिलंच की. कांडीला काडी नको? यशवंता म्हणाला, लिंबाची. मी म्हणालो, एकदा कडू झालं तेवढं पुरे. मग मला सुचलं. देवळात उदबत्तीच्या जळक्या काड्यांचा ढीग असतो. फुकट, सरळ, एकसारख्या. आणल्या, जुडग्यानं बांधल्या, राखेनं घासून धुतल्या, उकळत्या पाण्यातनं काढल्या. चार-चार काड्या एकत्र करून एकेका पेल्यात उभ्या केल्या. दिसायला झकास.

भिकानं कांडी नाकापाशी नेली. थांबला. आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं.

"अरं, हाय मी अजून. एवढ्यात कशाला उदबत्ती लावताय?"

सुभद्रा वहिनी, त्याची बायको, आत भाकरी थापत होती. ती पदर तोंडाला लावून हसली. आजारपण सुरू झाल्यापासून त्या घरात पहिल्यांदा हसू ऐकलं मी. मग काडीचा वास कितीही येवो, ती कांडी वाया गेली असं मी म्हणणार नाही.

*

पेरूची बी म्हणजे भिकाच्या घशाला काच. चाळणीनं काम भागेना, बारीक बी खाली यायचीच. दोरीवर एक झुळझुळीत कापड वाळत होतं, ते घेतलं आणि त्यातून पेरू गाळला. काय सुरेख निघाला, लोण्यासारखा. तेवढ्यात सून बाहेर आली.

"मामा, ती पिंकीची ओढणी. गॅदरिंगची."

"मंग? धुवून टाक."

धुतली, पण पेरूचा वास काही जाईना. पिंकी, माझी नात, रडत रडत तीच घेऊन कॉलेजला गेली. संध्याकाळी आली ती हसत. "आजोबा, सगळ्या विचारत होत्या कुठलं सेंट लावलंस म्हणून."

मी सुनेकडं बघितलं. तिनं भांडी घासायला घेतली.

त्या पेरूची अर्धी कांडी भिकानं खाल्ली. अर्धीच. पण आम्ही यशवंताच्या ओट्यावर असे बसलो होतो की जणू पोरगा एसेस्सी झाला. तपासणी जवळ आलेली आणि भिकाच्या मनगटावरचं घड्याळ अजून कोपरापर्यंत सरकत होतं. अर्ध्या कांडीनं काय होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

*

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सून स्वतःच पातेलं घेऊन यशवंताकडं आली. आटवलेलं दूध, गार केलेलं. त्यात तिनं सीताफळाचा कच्चा गर हातानं कालवला. वेलची नाही, काजू नाही, काही नाही. मला म्हणाली, "मामा, तुमी आता बाहेर बसा."

बसलो.

दुसऱ्या दिवशी यशवंताच्या ओट्यावरच भिकानं ती कांडी तोंडात घातली. आम्ही वाट बघतोय. तो चोखतोय. अंगणातलं ऊन पायरीवरून खाली गेलं. कांडी संपली, काडी चोखून झाली. मग त्यानं जिभेनं तोंडात काहीतरी शोधलं, गालात धरलं आणि फुर्रकन थुंकलं. सीताफळाची बी नेमकी यशवंताच्या टोपीवर.

"बी राहिलीय," भिका म्हणाला. "असला माल विकला असता तर लोकांनी मारलं असतं."

मग काडी पुढं करून म्हणाला, "अजून हाय का?"

यशवंता टोपीवरची बी न काढताच फ्रिजकडं पळाला. नाडी सुटेना म्हणून तोडली.

*

तपासणीच्या दिवशी भिका आणि सुभद्रा वहिनी सकाळच्या गाडीनं नगरला गेली. वहिनीकडं मोबाईल होता, पण ती उचलत नव्हती. दुपारी मी आणि यशवंता स्टँडवर जाऊन बसलो. सवितानं मोठ्या तोंडाच्या थर्मासात बर्फ भरून मधे सीताफळाची एक कांडी दिली होती.

यशवंता म्हणाला, "नळी लांबनं दिसती का रं?"

"नाकात असंल तर दिसंलच की."

"नाकात घालत्यात का तोंडात?"

"नाकात म्हनली ना सविता. गप बस."

नगरची गाडी आली. आधी पिशवी उतरली, मग वहिनी, मग दांडीला धरून भिका. तोंडाला आडवा रुमाल बांधलेला, डोळ्यांच्या खालपासून हनुवटीपर्यंत. काही दिसेना. यशवंतानं माझा दंड धरला तो अजून दुखतोय.

भिका आमच्यासमोर येऊन उभा राहिला. रुमाल सोडला, घाम पुसला आणि त्यातच नाक शिंकरलं. चांगलं दोन्ही बाजूंनी.

"काय म्हनला डॉक्टर?" मी विचारलं.

"म्हनला, वजन उतरायचं थांबलंय. काय खाता? मी म्हनलो, ह्या दोघांचं डोकं."

यशवंतानं थर्मास उघडला. कांडी अख्खी निघाली. भिकानं ती घेतली, उन्हात धरून जरा बघितली आणि वहिनीपुढं केली.

"मला कशाला?" वहिनी म्हणाली. "तुमच्यासाठी केलीया त्यांनी."

"धर."

वहिनीनं इकडंतिकडं बघितलं. स्टँडवर पोरं होती, बायका होत्या. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, आमच्याकडं अर्धी पाठ केली आणि कांडी तोंडाला लावली.

"कशी हाय, वहिनी?" यशवंतानं विचारलं.

ती म्हणाली, "काय सांगू, भावजी. लग्न झाल्यापासून गारीगारवाल्याची बायको म्हनत्यात मला. घरी येस्तोवर पेटीत नुसतं रंगाचं पानी असायचं. अख्खी कांडी आजच खातीया."

भिका दुसरीकडं, गाडी गेली त्या रस्त्याकडं बघत होता. मान न वळवता म्हणाला,

"खालनं चाट. गळतीय."