नो हीट, नो हरी, नो हँड्स

केसांच्या दुकानाचं एक असतं. संध्याकाळी कितीही झाडा, सकाळी शटर वर केलं की कोपऱ्यात एखादी बट सापडतेच. किस्स्यांचंही तसंच. परवा मित्रमंडळी जेवायला आली होती, एक किस्सा सांगायला घेतला आणि त्याच्यामागून बाकीचे सगळे निघाले. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

* * *

आमचं दुकान ब्रिस्टलचं. आधी मी छत्र्या आणि सुटकेसी विकायचो. आसपास जमेकन वस्ती, त्यामुळे रोज कुणीतरी बाई दारात येऊन विचारायची, "हेअर क्रीम आहे का?" गिऱ्हाईक रोज मागतंय ते न ठेवणारा दुकानदार कसला? छत्र्या मागे गेल्या, क्रीमं पुढे आली. ज्ञान शून्य!

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. सगळ्या इंग्लंडला केस सरळ करायचं वेड लागलं होतं. वस्तीतल्या बायकांचे केस करून देणारी बेव्हर्ली पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी ऐटीत नवा स्ट्रेटनर काढला. "मॅडम, दोनशे तीस डिग्री!"

ती म्हणाली, "डार्लिंग, एवढ्यावर मी कोंबडी भाजते!"

मग तिची नजर खेळण्यांच्या फळीवर गेली. तिथे मऊ फोमच्या, कशाही वाकणाऱ्या रंगीत कांड्या होत्या. होलसेलवाल्याने खोक्यात दिल्या होत्या. गल्लीतली पोरं त्यांचे साप करून खेळायची, म्हणून मी त्या खेळण्यांत लावलेल्या.

"अरे, हे केस गुंडाळायचे रॉड्स आहेत!"

"बाप रे! मग साप म्हणून नेलेल्यांना काय सांगू?"

"सांग, केस वाढवा!"

थोड्याच दिवसांत तिने दुकानाच्या मागच्या बाजूला स्वतःची खुर्ची टाकली. आरशावर पाटी लावली: नो हीट, नो हरी, नो हँड्स. उष्णता नाही, घाई नाही, आणि न विचारता कुणी केसांना हात लावायचा नाही.

* * *

तिचं काम पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मी विसरणार नाही. ओल्या केसांना क्रीम लावायचं, बारीक बट घ्यायची, तिचे दोन भाग एकमेकांवर पिळायचे आणि टोक रॉडवर गुंडाळायचं. अख्खं डोकं असं! मग रुमाल बांधून बाई घरी. रात्रभर केस आपले आपण वाळायचे.

दुसऱ्या दिवशी बेव्हर्लीने बोटांना तेल लावून एकेक पीळ उलगडला. आतून निघालं ते गोल, चकचकीत कुरळं. ना वाफ, ना वायर! आदल्या दिवशी ओले असताना खांद्यापर्यंत आलेले केस आता कानापाशी उभे होते.

मी हळूच विचारलं, "मध्ये कापले का?"

"नाही. वाळून नुसते आखडून बसलेत."

* * *

केस पूर्ण वाळायच्या आत पीळ उघडला, की सगळं फुगून जातं. नोव्हेंबरच्या दमट हवेत तर वाळता वाळत नाहीत. एकदा मला एका बाईची दया आली, म्हणून मी फॅन हीटर तिच्याकडे वळवला. बेव्हर्लीने तो उचलला आणि माझ्या गल्ल्यापाशी आणून ठेवला. "हे घे. तुला फार थंडी वाजतेय."

दुसरी एक बाई "घरी जाऊन झोपते, सकाळी उघडते" असं शपथेवर सांगून गेली. सकाळी रुमाल गच्च बांधून परत आली. तोंडातून शब्द काढायच्या आत बेव्हर्लीने विचारलं, "कुठल्या बसस्टॉपवर उघडलेस?"

बाई मान खाली घालून म्हणाली, "दुसऱ्या."

* * *

आता आमच्या घरातलं. बेव्हर्लीची मुलगी डेनिस आणि आमचा निखिल यांचं जमलं. कधी, कसं, मला विचारू नका, मी गल्ल्यावर होतो!

निखिल तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा माझी बायको सुनंदा वाटीत कोमट खोबरेल घेऊन तयारच. आमच्याकडे प्रेम डोक्यावर चोळून दाखवतात. सुनंदाला मुलगी नाही. लेकीच्या डोक्याला तेल लावायची हौस राहून गेलेली. तिने हात पुढे केला आणि डेनिस चटकन मागे सरकली. "आंटी, प्लीज. केसांना हात नको."

पोरगी चांगली, नीट समजावून सांगितलंन. लहानपणापासून शाळेत, बसमध्ये, कुणीही यायचं आणि केसांत बोटं घालायचं, जत्रेतल्या वस्तूला लावावा तसा हात. तेव्हापासून आई सोडून कुणालाच नाही.

सुनंदा हसून "बरं हं" म्हणाली. किचनमध्ये आल्यावर मात्र मला म्हणाली, "अहो, मी का 'कुणीही' आहे?"

मी वाटीतलं खोबरेल परत बाटलीत ओतलं.

* * *

पुढच्या शनिवारपासून सुनंदा दुकानात स्टुलावर येऊन बसायला लागली. हात मांडीवर, नजर बेव्हर्लीच्या बोटांवर. ना प्रश्न, ना मदत.

एकदा बेव्हर्ली आमच्याकडे चहाला आली. सोफ्यावर बसली आणि बसल्या जागी थबकली. सोफ्यावरच्या शालीच्या सगळ्या दशांना पीळ घातलेला! एकसारखा, एका मापाचा. तिने एक दशी उलगडून पाहिली, परत पिळली, दुसरी पाहिली.

"हे कुणी केलं?"

सुनंदा घाईघाईने बिस्किटं आणायला आत गेली.

बेव्हर्ली मला म्हणाली, "शालीला सांग, तिचं नशीब चांगलं आहे."

* * *

लग्न आपल्या पद्धतीने, हॉलवर. गुरुजी मेडनहेडहून आले, एरवी आयटीत नोकरी करतात. सकाळी बेव्हर्लीने डेनिसचे पीळ उघडले तेव्हा खोलीतल्या आमच्या साऱ्या मावश्या-काकू गप्प झाल्या. आमच्या बायका गप्प, यावरून ओळखा! काळ्याभोर कुरळ्यांचा तो मुकुट, त्यावर मुंडावळ्या. एक काकू एवढंच म्हणाली, "अगं बाई..."

तेवढ्यात बेव्हर्लीला अक्षतांची परात दिसली. "हा तांदूळ कशाला?"

मी सांगितलं. तिने परातीकडे पाहिलं, मग हॉलभर माणसांकडे. "हा सगळा? त्या डोक्यावर? दोन दिवस गेलेत माझे!"

मी म्हटलं, "दुकानात मागे छत्र्या पडल्यात. आणू?"

सुनंदा पुढे झाली. "गुरुजी, नुसत्या पाकळ्या टाकू. माझी काही हरकत नाही." पण तिचा चेहरा पडला होता.

डेनिसने विचारलं, "आंटी, तांदूळ लांबूनच टाकतात ना? हात कुणी लावत नाही?"

"नाही गं. लांबूनच."

"मग टाका!"

आणि आमच्या लोकांनी अक्षता टाकल्या. अशा टाकल्या!

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी डेनिसने मान हलवली की कार्पेटवर हळदीचे तांदूळ पडायचे. कंगवा घातला तर सगळं कुरळं मोडणार. निखिल उठला.

"तू नको," ती म्हणाली.

तिने कोचावरची उशी घेतली, सुनंदाच्या पायाशी टाकली आणि पाठ करून बसली. "आई, तुम्ही काढाल?"

सुनंदाने पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग तेलाचं बोट फिरवून पहिली बट अलगद बाजूला केली. शेजारी स्टीलची वाटी. एकेक दाणा, टिक. टिक.

मदत करावी म्हणून मी हात पुढे केला, तर सुनंदाने फटकन बाजूला सारला. "पाटी वाचली नाहीत का दुकानातली?"

मी निमूट चहा टाकायला गेलो. किचनमध्ये टिक ऐकू येत होतं. मग अंतराने यायला लागलं. मग बंद झालं. चहा उकळला, गाळला, कप घेऊन बाहेर आलो. सुनंदाची बोटं चालूच होती. डेनिसने डोळे मिटले होते.

"झाले का गं सगळे?"

"छे," सुनंदा म्हणाली. "अजून खूप आहेत."

"खूप," डेनिस डोळे न उघडता म्हणाली.