साडूंची बॅटरीवरची सायकल

माझ्या साडूंइतका जगावर रागावलेला माणूस देवाने दुसरा घडवला नसावा. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून ते पूर्णेला स्थायिक झाले आणि झेंडी दाखवायला गाडी उरली नाही म्हणून रोज कशावर तरी संतापू लागले. चहात साखर कमी पडली तर ते साखर मागत नसत, साखर कारखान्यांच्या कारभारावर बोलत. एसटीच्या पायरीवर तर त्यांचा खास राग. "ही पायरी माणसासाठी केलीय का उंटासाठी?" असं ते भर स्टँडवर कंडक्टरला विचारत. हा राग मात्र खरा होता. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आक्का, हिला गुडघ्यांमुळे ती पायरी चढवत नव्हती. दोन कोसांवरच्या आमच्या गावी तिचं येणं बंद पडलं आणि दोघी बहिणी नुसत्या निरोपांवर दिवस काढू लागल्या.

नव्वद सालाच्या आसपास साडूंनी भंगारातल्या जीपचा डायनमो मोटर म्हणून सायकलला जोडला, ट्रॅक्टरची बॅटरी दांड्याखाली बांधली आणि आक्काला आता मीच नेतो असं जाहीर केलं. गाडी चालली. थांबवायची कशी, हे उरलं होतं. त्यासाठी ते मला परभणीच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदाराने सायकलचे साधे रबरी ब्रेक दाखवले. "ओल्या रिमवर हे घसरले तर तुमी येणार का पाय लावायला?" साडू म्हणाले आणि मोपेडचा ड्रम-ब्रेक काढायला लावला. मग मोटरचं बटण. दुकानदाराने दाबलं की मोटर बंद करणारं बटण पुढे केलं आणि साडूंचा पारा चढला. "अन् दाबणाराच पडला तर? रेल्वेत पाईप तुटला की ब्रेक आपोआप लागतो. धरलं तर चालू, सोडलं की बंद, असं द्या." शेवटी जीपच्या हॉर्नचं बटण पसंत पडलं. तोवर मी ओळख नसल्यासारखा रस्त्यावर जाऊन उभा होतो.

बटण बसलं उजव्या मुठीत. आमच्याकडे समोरून माणूस आला की उजवा हात कपाळाकडे नेऊन राम राम घालायचा असतो, हे गार्डसाहेबांच्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक राम रामाला मोटर बंद पडली, बॅटरीच्या वजनाने सायकल कलली आणि आक्काला कण्हत खाली उतरावं लागलं. मग साडूंनी राम राम घेणंच सोडून दिलं. लगेच गावातले एक म्हातारे माझ्या ओसरीवर हजर. "तुमचे साडू लय मोठे झालेत का हो? म्या हात केला तर वळून बी बघितलं न्हाई."

मला याच गावात राहायचं होतं. चिडून मी साडूंना म्हणालो, ते बटण दोरीने बांधून टाका.

"हिला मागं बसवून बटण बांधू? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं, साडूभाऊ?"

आक्का गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, "गार्ड मागंच बसतो नव्हं? द्या ते बटण माझ्याकडं."

साडूंना यावर रागावता येईना. त्यांनी वायर लांबवून बटण मागे नेलं आणि ते ऐटीत सगळ्यांचे राम राम घेऊ लागले. पण आता आक्काची मैत्रीण दिसली की मोटर बंद. शेंगा कशा दिल्या इथपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं होईतो साडू पुढे पाय टेकून धुमसत. "गाडी लेट कोण करायलंय?" असं ते आमच्या दारात येऊन मलाच विचारत. आत दोघी बहिणी दिवेलागणीपर्यंत बोलत बसत.

पुढे आक्का वारल्यावर बरेच दिवस ते आले नाहीत. मग एका दुपारी आले, ती सगळी अवजड सायकल पॅडल मारत. शर्ट घामाने भिजलेला, बटण कॅरिअरला लोंबकळत. मला संताप आवरेना.

"अहो, मोटर असताना छाती का फोडून घेता? बटण पुन्हा मुठीत बसवा की."

मला वाटलं, आता भडकतील. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि कॅरिअरकडे बघितलं.

"बिगर गार्डाची गाडी काढत न्हाईत, साडूभाऊ."

माझ्या बायकोने चहा आणला. गडबडीत ती साखर घालायला विसरली होती. साडूंनी तो मुकाट पिऊन टाकला.