अठरा मिलिमीटरचा मुहूर्त

"अकराची कोन?" सोनोग्राफीच्या दारातून सिस्टर ओरडायची, आणि आमच्यातली कुणीतरी मान खाली घालून उठायची.

अकरा हा नंबर नव्हे. अकरा मिलिमीटर, म्हणजे पोटात अंडं वाढत असतं त्या पिशवीचं माप. मूल होत नाही म्हणून माणिकपूरच्या त्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांची नावं सिस्टरला कधी पाठ झाली नाहीत, मापं मात्र तोंडपाठ. तुम्ही अशा बाकावर बसला असाल तर ओळखाल. शेजारणीचं तेरा आणि आपलं नऊ निघालं की दहावीत नापास झाल्यासारखं तोंड व्हायचं.

माझं अंडं तयारच होत नव्हतं. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या दिल्या, मग दिवसाआड सोनोग्राफी. माप अठराच्या पुढे गेलं की अंडं फुटायचं इंजेक्शन, आणि पुढचे दोन दिवस नवऱ्याने घरी असायचं. सिस्टर चिंचोटीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. कुणी घाबरली की म्हणायची, "गोळी तिचं काम करते, तू तुझं जेवन कर."

सासूबाईंना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. शिंप्याकडे जाते म्हणून निघायचे. एकही ब्लाउज शिवून आला नाही, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या महिन्यात एकोणीस आलं. इंजेक्शन घेऊन मी आनंदात घरी आले, तर सासूबाईंची बॅग भरलेली. मी दवाखान्यातून फोन करताच नवऱ्याने घरी राहायला म्हणून दोन दिवस रजा काढली होती. रजा आहेच तर कोकणात जाऊन ग्रामदेवतेला नवस बोलू, असं त्यांनी ठरवलेलं. नवस कशाचा, तर नातवंडाचा! खरं कारण सांगायची आमची दोघांचीही छाती झाली नाही. मायलेक गेले.

अंडं फुटलं का ते बघायला दोन दिवसांनी गेले, तेव्हा सिस्टरला सगळं सांगितलं आणि रडले. ती आधी पोट धरून हसली, मग तिने मला जवळ घेतलं.

"देव बारा महिने तिथंच हाय गं. अंडं एकच दिवस थांबतं. सासूला सांग. चोरी केलीस का तू?"

सांगितलं. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि पेन मागितलं. पुढच्या महिन्यात इंजेक्शनच्या दिवशी त्या आपणहून नालासोपाऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना मुलाला वेळेत घरी यायचा दम भरून गेल्या.

सिस्टर आता तिथे नाही. गुडघ्यांनी दगा दिला, तशी काम सोडून गावी बसली. मला ती फार आवडायची. आठवते ती दवाखान्याच्या जिन्यातली.

चाचणीवर दोन रेघा आल्या आणि मी पेढे घेऊन धावतच दवाखान्यात गेले. तिने मला अर्ध्या जिन्यातच अडवलं.

"वर नको नेऊस. आज तिघींची पाळी आलीय."

मग तिथेच पायरीवर बसून आम्ही पेढे खाल्ले. तिने दोन एकदम तोंडात कोंबले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि डोळे भरून हसली. उठताना रुमालाने तोंड पुसलं, हसूही पुसलं, आणि रोजच्या चेहऱ्याने वर गेली.