घरच्यांसाठी फरदड

पोतं उंबऱ्यात आदळायचं, टोपीनं तोंड पुसायचं आणि म्हणायचं, "घरच्याले चालते, बाई." एवढं बोलून तो माणूस त्याच पोत्यावर ऐसपैस बसायचा.

मी दारव्ह्यात रजया शिवते, हातानं. रजईत भरायची रुई कशी पारखायची हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, सुईनं शिकवलं. चिमूटभर घ्यायची आणि दोन्हीकडून ओढायची. पहिल्या वेच्याची असेल तर तंतू लांबत जातात, टाका घालताना सुई अडत नाही, रजई हलकी होते. हंगाम सरल्यावर वाळत्या झाडांवर जो कापूस उरतो तो फरदड. तो ओढला की तुटतो, त्यात पानांचा चुरा असतो आणि चार महिन्यांत रजईत त्याचे गोळे होतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं.

या माणसाची तर कापसाचीच शेती. पण पांढरा कापूस व्यापाऱ्याला आणि फरदड बायकोच्या अंगावर, हा त्याच्या घरचा कायदा. त्याच्याच कशाला, तुमच्या-माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांचा असेल. बाकीचे निदान खाली मान घालून फरदड आणतात. हा छाती काढून आणायचा. मला त्याची किळस यायची. हो, किळसच.

एकदा मात्र पोत्यातून दुधासारखी रुई निघाली. मी विचारलं, "भाऊ, आज सूर्य कुठून उगवला?"

"जावई येऊन राह्यले महागावहून. त्याइच्या अंगावर कचरा टाकू काय?"

"अन् वहिनीच्या?"

"तिले काय समजते? पाठ टेकली का झोपते." वर हसला. मी सुईत दोरा ओवून कामाला लागले.

त्याची बायको माझ्याकडं एकदाच आली, मागच्या दिवाळीनंतर, बाजाराच्या जीपनं. दम्याची बाई. माझ्या चार पायऱ्या चढून आली आणि चौकट धरून धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "ताई, रजई छातीवर गोटा ठेवल्यावानी लागते. घेतली त दम कोंडते, काढली त थंडी वाजते. यंदा हलकी भरून द्या नं."

"नवऱ्याले सांगा की."

"तुमीच सांगा त्याइले," ती म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी सांगितलं. चांगलं झाडून सांगितलं, की पहिल्या वेच्याचा आणला तरच शिवीन, नाही तर पोतं उचला.

"यंदा भाव चांगला हाय, बाई. पुढच्या साली पाहू." त्यानं पोतं उचललं आणि गेला.

आता माझंही ऐका. माझ्या फडताळात तेव्हा एका रजईपुरती पांढरी रुई पडून होती. ती भरून त्या बाईला देता आली असती. मी दिली नाही. मला त्याची खोड मोडायची होती ना. बाई तिकडं थंडीत कुडकुडत होती आणि मी इकडं तिच्या नवऱ्याला धडा शिकवत बसले होते.

संक्रांतीच्या आसपास ती गेली. दम्यानं गेली म्हणतात, आणि ते खरंही असेल.

आठव्या दिवशी तो आला. पोतं आत आणून हळूच ठेवलं आणि उभाच राहिला. तेरवीला तिच्या नावानं अंथरूण-पांघरूण दान द्यायचं होतं, त्यासाठी रजई हवी होती. मी पोतं सोडलं, चिमूट ओढून पाहिली. इतकी चांगली रुई त्या हंगामात माझ्या हाती आली नव्हती. आता कायले आणली, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण तो खाली बसून रुईतला कचरा वेचायला लागला, आणि तिच्यात वेचण्यासारखं काहीच नव्हतं.

"बाई, हलकी होईन नं?"

"होईन."

"तिले जड सोसत नव्हतं." हे तो मला सांगत होता.

मी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना. शेवटी त्यानं माझ्या हातातून सुई घेतली, उजेडाकडं धरली, आणि त्यालाही ओवता येईना.